दादर टीटी आणि दीड आणा



मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र हा मुलांच्या दृष्टीनं वीस मार्कांचा विषय. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा. त्यामुळे मुलांना जागं ठेवण्यासाठी मी अधूनमधून पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारत असे. एकदा विचारलं, ‘‘आपण दादर टीटी म्हणतो, त्यातलं टीटी म्हणजे काय रे?’’ एक मुलगा म्हणाला, टेबल टेनिस. दुसऱ्यानं सांगितलं, तिकीट तपासणारा टीटी. सगळा वर्ग हसला. मी सांगितलं, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत ट्राम होती आणि ती दादरच्या त्या चौकापर्यंत यायची. चौकाचं कागदोपत्री नाव खोदादाद सर्कल, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते टीटीच.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ‘‘सर, मग ट्राम गेली कुठे?’’

मी म्हटलं, ‘‘बंद झाली.’’ आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

घरी जाताना मात्र ते उत्तर मला टोचत राहिलं. घड्याळ बंद पडतं, पाऊस बंद होतो. ट्राम अशी आपली आपण बंद होत नाही; ती कुणीतरी बंद करतं. ‘झाली’ म्हटलं की वाक्यातला कर्ता गायब होतो, आणि नागरिकशास्त्राच्या मास्तरानं निदान कर्त्याला तरी असं पळून जाऊ देऊ नये. त्या मुलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी आज तुम्हाला देणार आहे.

माझे वडील ट्रामवर कंडक्टर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लालबागच्या चाळीत आमची एक खोली. गॅलरीत उभं राहिलं की रस्ता दिसायचा आणि रस्त्याच्या मधून ट्रामचे रूळ. खाकी कपडे, गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकीट पंच करायचा चिमटा, असे अण्णा पाळीला निघायचे. आई सांगायची, बसमध्ये बसलं की सगळं लक्ष टप्प्याकडे, पुढच्या टप्प्याला किती पैसे पडतील याकडे. ट्राममध्ये एकदा पैसे दिले की माणूस निर्धास्त. ट्राम हळू जायची, खडखडत जायची, पण तिच्यात गरीब माणसाला अंग चोरून बसावं लागत नसे.

आता जरा मागे जाऊ या. मुंबईत ट्राम आणायची पहिली कल्पना निघाली १८६५ साली, एका अमेरिकन कंपनीकडून. तिला परवानाही मिळाला होता. पण तो अमेरिकेतलं यादवी युद्ध संपण्याचा काळ. त्या युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं आणि तो भाव कोसळला. पेढ्या बुडाल्या, शेअर बाजार झोपला, आणि ट्राम कागदावरच राहिली. पुढे १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ साली ट्रामवेचा कायदा झाला आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची पहिली ट्राम धावली. मार्ग दोन: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. भाडं तीन आणे. मजुराच्या दिवसाच्या कमाईतला मोठा घास त्यात जायचा. म्हणजे ट्राम जन्मली ती काही गरिबांसाठी नव्हे. भाडं नंतर दोन आण्यांवर आलं. गंमत म्हणजे सुरुवातीला तिकीटच नव्हतं. कंडक्टरच्या हातावर पैसे ठेवायचे की झालं. लोक फुकट जाऊ लागले तेव्हा त्याच वर्षी तिकिटं निघाली. मुंबईकरांचा स्वभाव किती जुना आहे, हे यावरून कळतं.

या कायद्यात एक कलम होतं आणि आपल्या गोष्टीचा कणा तेच आहे. ठरावीक वर्षांनी ही ट्राम विकत घेण्याचा हक्क महापालिकेला होता. रस्ता शहराचा, त्यावर धंदा कंपनीचा. पण वेळ आली की शहरानं म्हणावं, बास, आता हे आमचं. ती वेळ १९०१ साली यायची होती.

पण त्याच्या आधीच, १८९९ साली, कंपनीनं अर्ज केला की आम्हाला घोडे काढून विजेवर ट्राम चालवायची आहे. त्याला पैसा अफाट लागणार, तेव्हा महापालिकेनं खरेदीचा हक्क सोडून द्यावा. युक्तिवाद अगदी व्यवहारी होता. उद्या तुम्ही घेणार असाल तर आज आम्ही पैसे का ओतावेत? महापालिकेनं उलट ठरवलं, आम्ही कंपनीच ताब्यात घेतो. मग कायद्याच्या अडचणी निघाल्या, कागद इकडून तिकडे फिरत राहिले आणि शहर घोड्यांच्याच ट्राममध्ये बसून राहिलं. अखेर १९०५ साली तोडगा निघाला तो तिसऱ्याच्या फायद्याचा. इंग्लंडमधल्या भांडवलावर बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही नवी कंपनी उभी राहिली. तिनं जुन्या कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली. शहराला वीज पुरवायची आणि विजेची ट्राम चालवायची, दोन्हींची मक्तेदारी तिला मिळाली. या नावाची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे आपली ‘बेस्ट’. महापालिकेचा खरेदीचा हक्क नव्या करारातही राहिला, पण वापरायची वेळ पुढे गेली.

७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. वर तार, तारेला टेकलेला दांडा, खाली रूळ. शेवटच्या थांब्यावर दोरी धरून तो दांडा उलटा फिरवायचा, की ट्राम परतीला तयार. अण्णा हे काम करत असताना मी डोळे विस्फारून बघत असे. माझे वडील वीज हातात धरून फिरवतात, असंच मला वाटायचं. गर्दी वाढत गेली तशी सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. गिरण्या, गोदी, बाजार, रेल्वे स्टेशनं, सगळ्यांना ती जोडत होती.

मग १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली. बसचं कौतुक झालं, पण बरीच वर्षं ती जरा वरच्या वर्गाची मानली जाई. कारण साधं होतं. ससून डॉकपासून थेट दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडायचा आणि बसला चार आणे. त्या अडीच आण्यांच्या फरकानं मुंबईकरांची दोन वाहनांत वाटणी करून टाकली होती.

आणि आणखी एक वाटणी होती. त्या काळी महापालिकेच्या निवडणुकीत सगळ्यांना मत नव्हतं. मालमत्ता किती, कर किती, भाडं किती, अशा अटींवर मतदार ठरत. म्हणजे ट्रामचे करार ज्या सभागृहात चर्चेला येत, तिथे माणसं निवडून पाठवण्याचा अधिकार ट्रामच्या बाकावर बसणाऱ्या बहुतेकांना नव्हता. दीड आण्याच्या प्रवाशाबद्दल बोलणारे होते, पण त्याला जबाबदार असणारं कुणी नव्हतं.

७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या बरोब्बर आठ दिवस आधी, मुंबई महापालिकेनं तो जुना हक्क वापरला आणि बेस्ट विकत घेतली. १९०१ ला जे व्हायचं होतं ते १९४७ ला झालं. पुढच्याच वर्षी महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकारानं झाली. अण्णांना मत मिळालं. ट्राम त्यांची, महापालिका त्यांची, देश त्यांचा. ते आम्हाला अभिमानानं सांगत, ‘‘आधी साहेबाच्या कंपनीत होतो, आता शहराच्या नोकरीत आहे.’’

पण बारकाईनं पाहिलं तर त्याच वेळी एक अक्षर बदललं होतं. बेस्टमधला ‘टी’ आधी ट्रामवेजचा होता, तो आता ट्रान्सपोर्टचा झाला. नाव तेच, उच्चार तोच; ट्राम मात्र नावातून उतरली. रस्त्यावरून उतरायला तिला आणखी सतरा वर्षं लागली.

मी इथे कुणावर आरोप करायला बसलेलो नाही. ट्राम बंद करणाऱ्यांची कारणं खरी होती. गाड्या जुन्या झालेल्या, रूळ झिजलेले. रस्त्यांवर मोटारी वाढलेल्या आणि त्यांच्या वाटेत रस्त्याच्या मधोमध चालणारी ट्राम आडवी येई. बिघडलेल्या ट्रामला वळसा घालून दुसरी ट्राम पुढे जाऊ शकत नाही, सगळी रांग खोळंबते. बस तशी नाही. शिवाय जगाचा वाराही त्याच दिशेनं होता. लंडननं १९५२ साली ट्राम काढली, मद्रासनं १९५३ साली, दिल्लीनं १९६३ साली. ज्यांना आपण पुढारलेले समजत होतो तेच ट्राम भंगारात काढत होते. मुंबईत पन्नासच्या दशकात एकेक मार्ग कमी होत गेला. १९६२ साली तारेवर चालणारी, पण रुळांविना धावणारी ट्रॉलीबस आणून पाहिली. तीही १९७१ पर्यंतच टिकली.

३१ मार्च १९६४. बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम रात्री दहा वाजता सुटणार होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा. अण्णांची पाळी दुपारीच संपली होती. रात्री सगळी चाळ रस्त्यावर आली. ट्राम आली ती माणसांनी लगडलेली. पायरीवर माणसं, खिडक्यांना माणसं. लोक टाळ्या वाजवत होते, ओरडत होते, काही जण नुसतेच बाजूनं पळत होते. मीही ओरडलो. मग अण्णांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘‘वाईट वाटतंय का?’’ ते म्हणाले, ‘‘नोकरी आहे, बसवर घेतलंय. वाईट कशाचं? पण एवढी माणसं आज निरोपाला आली, त्यातली चार जण जरी आधी विचारायला आली असती ना...’’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बसच्या पाळीला गेले.

विचारणं म्हणजे काय, हे पाहायचं तर कलकत्त्याला जावं लागेल. तिथल्या ट्रामचा मालक स्वातंत्र्यानंतरही इंग्रज कंपनीच होती. १९५३ च्या जुलैमध्ये तिनं दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशानं वाढवायचं ठरवलं. एक पैसा! डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या सरकारची त्याला मान्यता होती. पण प्रवासी म्हणाले, आम्ही जुनंच भाडं देऊ. डाव्या पक्षांनी प्रतिकार समिती केली, हरताळ झाले, पुढारी पकडले गेले. मग प्रकरण हाताबाहेर गेलं; ट्रामगाड्या जाळल्या गेल्या, जमावबंदी झाली, गोळीबार झाला. अखेर भाडेवाढ मागे घ्यावी लागली. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. जळली ती ट्राम गरिबाचीच. पण एक पैसा ही राजकीय गोष्ट असू शकते, हे त्या शहरानं दाखवून दिलं.

आता कुणी म्हणेल, मग कलकत्त्याची ट्राम वाचली, ती यामुळे? मला तसं म्हणता येणार नाही. तिथे सरकारनं १९६७ साली कारभार हाती घेतला, १९७६ साली मालकी घेतली. भाडं वाढू द्यायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण मग नव्या गाड्या, चांगले रूळ यांचे पैसे कुठून आणायचे, यावर तेवढं एकमत झालं नाही. मार्ग आटत गेले. २०२३ मध्ये तिथल्या ट्रामनं दीडशे वर्षं पूर्ण केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढा एकच मार्ग वारसा म्हणून ठेवायचा. मुंबईत ट्राम गाजावाजानं संपवली, तिथे ती उपासानं खंगत गेली.

म्हणून स्वस्त भाडं हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा, की त्या स्वस्ताईचा खर्च कुणी उचलायचा? प्रवाशानं तिकिटातून, की शहरानं तिजोरीतून? पूर्वी बेस्टकडे त्याला एक उत्तर होतं. विजेच्या धंद्यातून चार पैसे उरायचे, त्यातून बसचा तोटा भरून निघायचा. ते गणित पुढे जमेनासं झालं. जुलै २०१९ मध्ये बसचं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये केलं, तेव्हा शहराला बरं वाटलं. ९ मे २०२५ ला तेच पाचाचे दहा झाले. तारीख लक्षात घ्या. बरोबर एकशे एक्कावन्न वर्षांपूर्वी, त्याच ९ मेला, मुंबईत पहिली ट्राम सुटली होती.

भाडं वाढलं याचा मला फार राग नाही. दहा रुपयांत आज दुसरं काय मिळतं? मला खटकलं ते वेगळंच. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती. २०२५ च्या त्या मे महिन्यात मुंबईत एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकांच्या हाती होता. म्हणजे भाडं दुप्पट झालं तेव्हा ज्याच्या दारात जाऊन ‘हे कसं काय?’ असं विचारावं, असा वॉर्डातला निवडून आलेला माणूसच जागेवर नव्हता. १९४७ पूर्वी ट्रामच्या प्रवाशाला मत नव्हतं. २०२५ साली बसच्या प्रवाशाला मत होतं, पण ते टाकायला निवडणूक नव्हती. परिणाम दोन्हीकडे एकच. निर्णय ‘झाला’. कर्ता पुन्हा गायब.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. मी मुद्दाम जाऊन आलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आमचं बोरीबंदर, आणि त्याच्या पुढचं स्टेशन काळबादेवी. मला हसू आलं. घोड्याच्या ट्रामचा १८७४ सालचा मार्ग जमिनीखालून पुन्हा उगवला होता! मेट्रो सुंदर आहे. थंड आहे, स्वच्छ आहे, वेळेवर येते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं तिकीट सत्तर रुपये. डब्यात मी सवयीनं माणसं पाहत होतो. चाकरमानी होते, कॉलेजची मुलं होती. पण वर, क्रॉफर्ड मार्केटपाशी, डोक्यावर पाटी घेऊन बसची वाट पाहत उभी असलेली माणसं मला खाली दिसली नाहीत. दीड आणा आणि चार आणे यांच्यातली रेघ अजून पुसलेली नाही. आकडे तेवढे बदलले.

फ्लोरा फाउंटनची दुरुस्ती चालू असताना, काही वर्षांपूर्वी, खोदकामात ट्रामचे रूळ सापडले. बातमी वाचून मी बघायला गेलो होतो. बरोबर एक ओळखीचे गृहस्थ होते, ते म्हणाले, ‘‘बघा, इतकी वर्षं इथेच होते.’’ खरं आहे. मुंबईत कितीतरी ठिकाणी रूळ उखडण्याऐवजी वरून डांबर ओतलं गेलं. आपण रोज त्यांच्यावरून जातो, आपल्याला पत्ता नसतो.

अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा तिकिटाचा चिमटा माझ्याकडे आहे. अजून चालतो. मधून मधून नातू तो घेतो आणि वर्तमानपत्राला भोकं पाडत बसतो. परवा त्यानं विचारलं, ‘‘आजोबा, हे कशाचं?’’ मी म्हटलं, ‘‘ट्रामच्या तिकिटाचं.’’ पुढचा प्रश्न मला ठाऊक होता, आणि या वेळी माझं उत्तर तयार होतं.

‘‘ट्राम कुठे गेली?’’

मी म्हणालो, ‘‘बंद केली.’’

‘‘कुणी?’’

‘‘आपणच. आपली झाल्यावर, सतरा वर्षांनी. कारणं होती, काही तर चांगली होती. पण ज्यांना ती लागत होती त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारायला हवं होतं ते शेवटच्या रात्री टाळ्या वाजवायला गेले. मीसुद्धा त्यांतलाच.’’

तो आठ वर्षांचा आहे. त्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं चिमट्यानं आणखी एक भोक पाडलं आणि माझ्यापुढे कागद धरला. ‘‘हे घ्या तिकीट,’’ म्हणाला. ‘‘कुठे जायचं तुम्हाला?’’

मी म्हटलं, ‘‘दादर टीटी.’’

श्रोतेहो, तुमच्या गावात ट्राम नसेल. पण एसटीची एखादी फेरी असेल, तालुक्याला जाणारी सकाळची पॅसेंजर असेल, नदीवरची एखादी तर असेल. उद्या ती ‘बंद झाली’ असं कुणी सांगितलं, तर एवढंच विचारा: कुणी केली? आणि जमलं तर शेवटच्या फेरीच्या आधी विचारा.